कार्ड आत्ताच घ्यायचं का? उदगीरच्या एका व्हीआर संगणकाचं प्रकरण

मागणी एका वाक्याची होती. "ह्यातलं कार्ड काढ, आरटीएक्स ५०७० टाक, किती होतील ते सांग." कार्ड म्हणजे ग्राफिक्स कार्ड, संगणकात चित्र तयार करणारा भाग. मागणारा माझा उदगीरचा मित्र. गावात त्याचं मेडिकल आहे. रात्री शटर ओढलं की तास-दीड तास स्टीअरिंगसमोर बसून रेसिंग खेळायचं, हा त्याचा मुख्य शौक. २०२५ च्या दिवाळीत दुबईहून आलेल्या मेहुण्याने त्याला मेटा क्वेस्ट ३ हा व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांभोवती आभासी जग उभं करणारा हेडसेट आणून दिला. तो डोळ्यांवर चढवून संगणकाला जोडला आणि पहिल्याच लॅपला त्याला मळमळायला लागलं. गावातल्या एका दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "सगळा सेटच जुना झालाय, दीड लाखाचा नवा घ्या." मग तो लातूरला माझ्याकडे आला. मी संगणक जुळवून देण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो.

असे लोक आता वरचेवर येतात. कुणाला नातेवाईक हेडसेट आणून देतो, कुणी सेकंडहँड घेतो, आणि घेतल्यानंतर लक्षात येतं की संगणकाला तो झेपत नाही. सगळे विचारतात, कुठलं कार्ड घेऊ? कार्ड कधी घ्यावं, आणि घ्यावं लागणार आहे का, हे आधी तपासायला हवं. या प्रकरणात ते नीट तपासता आलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

यंत्र काय होतं

संगणक २०२० च्या अखेरीस पुण्याहून जुळवून आणलेला. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर हे ६ जीबीचं कार्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), साधी साटा एसएसडी आणि ७५ हर्ट्झचा १०८०पी मॉनिटर. विंडोज १०. खाली ६०० व्हीएचा यूपीएस. तेव्हा हा सेट घेणारा शहाणाच म्हणायचा, कारण पुढच्याच वर्षी क्रिप्टोवाल्यांनी कार्डांचे भाव कुठल्या कुठे नेऊन ठेवले.

मॉनिटरवर खेळताना तक्रार शून्य. 'असेटो कोर्सा' हा २०१४ चा खेळ आहे. त्याच्यापुढे हे यंत्र आजही ताठ उभं राहतं. शनिवारी रात्री तो मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमानही उडवतो. घरात हेडसेट वापरणारी दुसरी व्यक्ती म्हणजे सहावीतली मुलगी. तिला 'बीट सेबर' आवडतं, आणि तो खेळ हेडसेटमध्येच चालतो, संगणक बंद असला तरी. ही गोष्ट साधी आहे, पण पुष्कळांना माहीत नसते. क्वेस्टच्या पोटात स्वतःचा प्रोसेसर आहे. नाचायचे, ठोसे मारायचे, कोडी सोडवायचे बहुतेक खेळ तो एकटा चालवतो. ज्यांच्या घरी हेडसेट एवढ्यासाठीच वापरला जाणार असेल त्यांनी संगणकाला हात लावायचं कारण नाही. संगणक लागतो तो रेसिंग, विमानं आणि 'हाफ-लाइफ: ॲलिक्स'सारख्या मोजक्या जड खेळांना.

मॉनिटरवर पळतं ते डोळ्यांवर का अडतं

मित्राचा युक्तिवाद असा होता: "गेम तोच, यंत्र तेच, तरी अडकायलंय, म्हणजे कार्ड कमजोर." अर्धा युक्तिवाद बरोबर आहे. १०८०पी मॉनिटरवर २०.७ लाख ठिपके असतात. क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्याला २०६४ गुणिले २२०८, म्हणजे दोन्ही डोळ्यांचे मिळून ९१ लाख. मॉनिटर सेकंदाला ७५ वेळा बदलतो, हेडसेट ९० वेळा. गुणाकार केला तर मॉनिटरला सेकंदाला साधारण साडेपंधरा कोटी ठिपके लागतात आणि हेडसेटला ८२ कोटी. पाचपटीहून जास्त. त्यात भिंगामुळे कडेला चित्र ताणलं जातं, ते भरून काढायला मूळ चित्र पडद्यापेक्षाही मोठं काढावं लागतं. म्हणजे खरा बोजा याहूनही वर जातो.

पण नुसत्या बोजाने मळमळत नाही. मळमळतं ते वेळ चुकल्यामुळे. ९० हर्ट्झवर प्रत्येक चित्रासाठी ११.१ मिलिसेकंद मिळतात. ८० वर १२.५, ७२ वर १३.९, आणि १२० वर जेमतेम ८.३. चित्र तेवढ्यात तयार झालं नाही तर पडदा थांबत नाही. उदगीर-लातूर एसटी एका मिनिटाने चुकली तर पुढच्या एसटीपर्यंत स्टँडवर बसावं लागतं, तसं ११ ऐवजी १२ मिलिसेकंदांत तयार झालेलं चित्र पुढच्या फेरीला लागतं. मॉनिटरवर असं एखादं चित्र चुकलं तर डोळ्याला कळतही नाही. हेडसेटमध्ये मान वळलेली असते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेने ते टिपलेलं असतं, आणि डोळ्यांसमोरचं जग मात्र एका फेरीपुरतं मागे राहिलेलं असतं. पोट यावर लगेच मत देतं.

म्हणून व्हीआरमध्ये सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, हा आकडा फसवा असतो. सरासरी ८५ दिसते, आणि दर काही चित्रांमागे एक चुकत असतं. खेळणारा म्हणतो, "८५ म्हणजे झकासच की!"

शिवाय हे चुकणं लपवायची सोयही आहे. संगणकाला ९० झेपत नाहीत असं दिसलं की मेटाचं सॉफ्टवेअर खेळाला ४५ वर आणतं आणि मधलं प्रत्येक चित्र अंदाजाने स्वतः तयार करतं. स्टीमव्हीआर या व्हॉल्व्ह कंपनीच्या व्हीआर सॉफ्टवेअरमध्येही तशीच युक्ती आहे. संथ खेळात हे खपून जातं. रेसिंगमध्ये गाडीच्या काचेचे खांब, स्टीअरिंगची कड, रस्त्याकडेचे कठडे पाण्यात हलल्यासारखे थरथरतात. मित्र म्हणत होता, "कडेचं चित्र फाटायलंय." ते हेच.

घरी जाऊन काय दिसलं

संगणक लातूरला न मागवता मी उदगीरला गेलो. दुकानात आणून तपासला असता तर घरचं वायफाय, घरची लाईट आणि माळवदाशेजारच्या त्या खोलीची ऊब यातलं काहीच दिसलं नसतं. तक्रार त्याने एकच सांगितली होती, "नीट चालत नाही." विचारत गेलो तसतशा तिच्या चार वेगळ्या तक्रारी निघाल्या. चित्र कायम किंचित धूसर. जोरात वळण घेतलं की चौकोन-चौकोन दिसतात. शर्यतीच्या सुरुवातीला अडखळतं. आणि कडेला फाटतं. पहिल्या दोन गोष्टींचा कार्डाशी काहीच संबंध नव्हता.

धूसरपणा दोन मिनिटांत गेला. क्वेस्ट ३ ला खाली एक चाक असतं, त्याने दोन भिंगांमधलं अंतर आपल्या डोळ्यांप्रमाणे बसवता येतं. बुबुळांमधलं अंतर चष्म्याच्या दुकानात मोजून मिळतं. मेडिकलवाल्याला हे मी सांगायचं म्हणजे गंमतच! त्याच्या चष्म्याच्या चिठ्ठीवर ते लिहिलेलंच होतं. चाक मेहुण्याच्या डोळ्यांना लावलेलं तसंच राहिलं होतं.

चौकोनांची गोष्ट जरा लांबलचक. संगणकातलं चित्र हेडसेटपर्यंत व्हिडिओ म्हणून दाबून पाठवलं जातं, केबलने किंवा वायफायने. याने केबल घेतली होती, पण ती चार्जिंगची. तिचं टोक यूएसबी-सी असतं, आत तारा मात्र यूएसबी २ च्याच. केबलने जमेना म्हणून गडी वायफायवर आला. राउटर खाली दुकानात, मध्ये जुन्या वाड्याची दगडी भिंत, आणि वरचा संगणकही यूएसबी डोंगलने वायफायवरच. म्हणजे चित्र संगणकातून हवेतून खाली राउटरकडे जाणार आणि तिथून पुन्हा हवेतून वर हेडसेटकडे येणार. ५ गिगाहर्ट्झची लहर तसली भिंत ओलांडत नाही, त्यामुळे सगळं २.४ वर घसरलेलं. शेजारच्या प्रत्येक घराचा राउटर त्याच पट्ट्यात गर्दी करून बसलेला.

त्याने विचारलं, "प्लॅन ४० चा हाय, ३०० चा करू का?" हा प्रश्न मला दर वेळी येतो. इंटरनेटचा प्लॅन कितीही असो, हे चित्र घराबाहेर जातच नाही. महिन्याचे पैसे वाढवून इथे काडीचा फरक पडत नाही. बिनतारी खेळायचं असेल तर संगणक लॅन केबलने राउटरला जोडायचा आणि राउटर खेळायच्याच खोलीत ठेवायचा. पण हा माणूस खुर्चीत बसून गाडी चालवतो. त्याला बिनतारी कशाला हवं? यूएसबी ३ ची लांब केबल मागवली, मदरबोर्डच्या मागच्या निळ्या पोर्टला लावली, आणि चौकोन गेले. आतापर्यंतचा खर्च एका केबलचा.

उरल्या शेवटच्या दोन तक्रारी. पैशांचा खरा प्रश्न इथेच होता.

कोण उशीर करतंय

हेडसेटमध्येच दोन आलेख दिसतील अशी सोय स्टीमव्हीआरमध्ये आहे, 'एफपीएसव्हीआर' नावाचं छोटं विकतचं सॉफ्टवेअरही मिळतं. एक आलेख प्रोसेसरने चित्रामागे घेतलेल्या वेळेचा, दुसरा कार्डाचा. दोघांपैकी जो मर्यादेच्या वर जाईल तो गुन्हेगार. आलेख वाचायचा कंटाळा असेल तर एक बिनपैशाची परीक्षा आहे, आणि ती कुणालाही जमते. स्टीमव्हीआरच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन निम्मं करायचं आणि तोच खेळ, तीच जागा पुन्हा बघायची. अडखळणं गेलं तर कार्ड कमी पडत होतं. चित्र गचाळ झालं पण अडखळणं तसंच राहिलं तर नवं कार्ड घेऊन काही होणार नाही, दुखणं प्रोसेसर-रॅमच्या बाजूला आहे. हजारो रुपयांचा निर्णय या एका परीक्षेवर घेता येतो. मग तो अंदाजाने का घ्यावा, हे मला कळत नाही.

रिकाम्या ट्रॅकवर एकटीच गाडी असताना त्याचं कार्ड १५ ते १६ मिलिसेकंद घेत होतं, प्रोसेसर ७ च्या आसपास. रिझोल्यूशन निम्मं केल्यावर कार्ड ९ वर आलं. इथे कार्डच दोषी. मग वीस गाड्यांची शर्यत लावली, रिझोल्यूशन निम्मंच ठेवून. कार्ड निवांत, प्रोसेसर १४-१५ वर. बाकीच्या गाड्या चालवायचं गणित प्रोसेसरच्या डोक्यावर असतं आणि सुरुवातीला सगळ्या एका जागी असतात, म्हणून अडखळणं नेमकं सुरुवातीलाच.

शेवटी विमान. मोठ्या शहरावर, निम्म्या रिझोल्यूशनला, प्रोसेसर २० मिलिसेकंदांच्या पुढे. कार्डही दमलेलं होतं, पण ते बाजूला ठेवलं तरी उत्तर स्पष्ट होतं. विमानासाठी आरटीएक्स ५०७० घेतलं असतं तरी तो खेळ त्या कार्डाने सुधारला नसता. ९० हर्ट्झची वेळ तिथे प्रोसेसरच पाळत नव्हता.

हे त्याला पटवायला वेळ लागला. मी पुन्हा लावून दाखवलं. तो म्हणाला, "मग त्या दुकानवाल्याचं बरोबरच की, सगळाच सेट बदलू." तेही चूक. कारण कॅबिनेट उघडल्यावर दिसलं की १६ जीबी रॅमची एकच पट्टी बसवलेली आहे. एका पट्टीवर प्रोसेसरला रॅमशी बोलायला एकच वाट मिळते, दोन पट्ट्यांवर दोन. शिवाय पट्टी ३२०० ची असून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, ही रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय, बंद, म्हणजे ती २६६६ वर चाललेली. रायझन ३००० मालिकेला रॅमचा वेग फार लागतो. पाच वर्षं हा प्रोसेसर पाय बांधून पळत होता, आणि मॉनिटरवर ते कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

एक्सएमपी चालू केलं, त्याच जातीची दुसरी पट्टी टाकली. वीस गाड्यांच्या शर्यतीत प्रोसेसर ११-१२ वर आला. हेडसेट ९० ऐवजी ७२ हर्ट्झवर ठेवला, म्हणजे मर्यादा १३.९ झाली. रिझोल्यूशन प्रत्येक बाजूने ०.८ केलं. म्हणजे ठिपके साधारण ६४ टक्के उरले आणि कार्डही १२ च्या आत आलं. सावल्या आणि आरशातली प्रतिबिंबं कमी केली. मित्राने पूर्ण शर्यत केली, उतरला, पाणी प्यायला आणि पुन्हा बसला.

चित्र सुंदर दिसत होतं का? नाही. लांबचा फलक वाचता येत नव्हता, झाडं जरा कुरतडल्यासारखी दिसत होती. पण थरथर नव्हती आणि पोटात ढवळत नव्हतं. सुंदर दिसण्यासाठी किती पैसे द्यायचे, तो प्रश्न आता शांतपणे बसून सोडवता येत होता.

पैसा आणि हंगाम

रॅमचं काम लांबवलं नाही, त्याचं कारण बाजार. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमची मागणी इतकी वाढवली की घरगुती रॅमचे भाव चढत गेले, आणि डीडीआर४ तर कंपन्या आधीच कमी करत आणत होत्या. असल्या वेळी दीड लाखाचा नवा सेट घ्यायचा म्हणजे नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर आणि नेमकी महाग झालेली डीडीआर५ रॅम घ्यायची. त्या दुकानदाराचा सल्ला एरवीही पटला नसता. तेव्हा तर मुळीच नाही.

कार्डाची घाई न करण्याचं कारण घरातलं. मेडिकलचा धंदा वहीवर चालतो. खेड्यांतून येणारे शेतकरी औषधं नेतात आणि सोयाबीनची रास झाली की उधारी चुकती करतात. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, उभं सोयाबीन पाण्यात गेलं. हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर होता, पण भिजून डागी झालेला माल त्या भावाला कोण घेणार? दिवाळी झाली तरी वही तशीच जड. वहिनींनी हे एका वाक्यात मांडलं: "लोकांकडं मागायला तोंड नाही, अन् ह्यांना साठ हजाराचं कार्ड पाहिजे." त्यावर दोघंही गप्प बसलो.

तांत्रिक हंगामही आहे, आणि तो मराठवाड्यात विसरून चालत नाही. आम्ही मोजलं नोव्हेंबरात. त्याची खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेला खिडकी, वर स्लॅब. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि स्लॅब रात्री अकरालाही तापलेला असतो. तापलेलं कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. नोव्हेंबरात १२ मिलिसेकंद घेणारं कार्ड वैशाखात १४ घेऊ शकतं, आणि ७२ हर्ट्झची मर्यादा १३.९ आहे. म्हणून ठरलं असं की कॅबिनेट साफ करायचं, मागे एक जास्तीचा पंखा लावायचा आणि मे महिन्यात पुन्हा मोजायचं. त्या आकड्याला मी नोव्हेंबरच्या आकड्यापेक्षा जास्त मान देईन.

खिडकीवरून आणखी एक आठवलं. हेडसेट भिंगांची बाजू वर करून उन्हात पडला तर भिंगांतून ऊन एकवटतं आणि आतला पडदा जळतो. तो डाग जात नाही. मुलगी तो खिडकीत ठेवत होती. आता कपाटात जातो.

कार्डाच्या किमतीत काय काय येतं

मे महिन्यानंतर कार्ड घ्यायचंच ठरलं तर? आरटीएक्स ५०७० ला २५० वॅट लागतात आणि कंपनी ६५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. त्याच्याकडे ४५०. म्हणजे एसएमपीएस बदलणं आलं. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट देतो. व्हीए म्हणजे वॅट नव्हे, हे दुकानात सांगत नाहीत. लाईट गेली की भर शर्यतीत तो यूपीएस शिट्टी मारून झोपणार. उदगीरात लाईट जाते, हे वेगळं सांगायला नको. म्हणजे यूपीएसही बदलायचा. आणि वीस गाड्यांच्या शर्यतीत ३६०० प्रोसेसर त्या कार्डाला पूर्ण पळू देणार नाही, ते वेगळंच.

स्वस्तातल्या नव्या कार्डांत एक खोच आहे. आरटीएक्स ४०६० आणि ५०६० ही कार्डं मदरबोर्डशी सोळाऐवजी आठच वाटांनी बोलतात. नव्या बोर्डावर ते चालून जातं, कारण तिथली प्रत्येक वाट रुंद असते. बी४५० वर पीसीआयई ३ ही जुनी जोडणी आहे, वाट अरुंद. त्यात ही ४०६० आणि ५०६० कार्डं ८ जीबीची, आणि व्हीआरमध्ये मेमरी भरून सांडायला वेळ लागत नाही. सांडली की त्या अरुंद वाटेने ये-जा सुरू होते आणि अडखळणं परत येतं. मॉनिटरच्या चाचण्या पाहून कार्ड निवडणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही.

माझ्या मते त्याच्या बोर्डाला शोभेल असं म्हणजे सेकंडहँड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं. सोळा वाटा, १७० वॅट, एकाच आठ पिनी जोडणीवर चालणारं. कंपनी त्यालाही ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, म्हणजे तो बदलावा लागेलच, पण तो पुढच्या कार्डालाही कामाला येईल. सेकंडहँड म्हटलं की मायनिंगमध्ये, म्हणजे क्रिप्टो चलन कमावायला रात्रंदिवस राबलेलं कार्ड हाती येण्याची भीती असते, आणि ती रास्त आहे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने कार्डांवरचं मायनिंग बंद केलं तेव्हा असली हजारो कार्डं बाजारात आली. म्हणून बिल बघायचं, पंखे बघायचे आणि समोर बसून अर्धा तास पूर्ण बोजावर चालवून घ्यायचं. विकणारा एवढं करू देत नसेल तर उठून यायचं.

विमानासाठी मात्र प्रोसेसर हवा. चांगली गोष्ट ही की त्याच्या बोर्डावरचं प्रोसेसर बसवायचं एएम४ सॉकेट अजून कामाला येतं. बायोस अपडेट केलं की त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो. आणि ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी मिळाला तर सिम्युलेटरवाल्यांची चैनच, कारण त्यात ९६ एमबीची कॅश (प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी) आहे आणि असले खेळ कॅशवरच जगतात. पण ते नवे मिळणं आता अवघड झालंय.

दोन मोह

या काळात दोन गोष्टींनी त्याला भुलवलं. कुणीतरी एचपी रिव्हर्ब जी२ हा सेकंडहँड हेडसेट अगदी स्वस्तात देऊ केला, "चित्र क्वेस्टपेक्षा भारी" म्हणून. चित्र भारी आहे, खरंय. पण तो विंडोज मिक्स्ड रिॲलिटीवर चालतो, आणि मायक्रोसॉफ्टने ती सोय विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून काढून टाकली. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रायझन ३६०० ला विंडोज ११ चालतं, बायोसमध्ये टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू केली की झालं. ते आम्ही त्याच दिवशी केलं. म्हणजे तो हेडसेट घेतला असता तर अधिकृत मार्गाने चालवायला जुन्या विंडोजवर अडकून राहावं लागलं असतं.

दुसरा मोह वाट बघण्याचा. १२ नोव्हेंबर २०२५ ला व्हॉल्व्हने स्टीम फ्रेम हा हेडसेट जाहीर केला. बुबुळ जिकडे बघतं तेवढाच भाग स्पष्ट पाठवायची युक्ती त्यात आहे. मित्राने विचारलं, "मग कार्ड लागणारच नाही का?" लागणार. ती युक्ती चित्र पाठवण्याचा भार कमी करते, चित्र काढण्याचा नाही. चित्र पूर्णच काढावं लागतं, खेळाने स्वतः वेगळी सोय केली नसेल तोवर. हातात क्वेस्ट ३ आहे तर मोजमाप क्वेस्ट ३ चंच धरायचं.

ठरलं काय

दुसरी रॅम, केबल, पंखा एवढंच नोव्हेंबरात घेतलं. रेसिंग व्हीआरमध्ये, विमान मॉनिटरवर. मे महिन्यात पुन्हा मोजल्यावर, फलक वाचता येईल इतक्या रिझोल्यूशनला कार्डाची वेळ १३.९ च्या वर राहिली, तोवर वहीतली निम्मी तरी उधारी आली असली आणि तेव्हाही तो रोज हेडसेट घालत असला, तर कार्ड घ्यायचं. तिसरी अट वहिनींची आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. नव्याची नवलाई ओसरल्यावर कपाटात गेलेले हेडसेट मी बरेच पाहिलेत.

कुठलं कार्ड, यावर मात्र आमचं जमलेलं नाही. तो म्हणतो, दुसऱ्याचं घासलेलं कार्ड मी घेणार नाही, घेईन तर नवं ५०७०. मी म्हणतो, मग आधी एसएमपीएस, यूपीएस आणि प्रोसेसर घे आणि त्यांचं बिल बघून बोल. एसएमपीएसचे भाव त्याने विचारायला सुरुवात केली आहे.